झीतामावशीच्या भिंतीतलं भोक

घरातली शेगडी विझली, की तुम्ही पहिली शिवी कुणाला देता? शेगडीलाच ना?

नीवेस तसं करत नाही. खालच्या खोऱ्यातला कारखाना बंद पडला, तेव्हा बावीस वर्षं खुर्च्यांना पाय बसवणारी ही बाई घरी आली आणि तिने जुनी शेगडी अंगणात ओढून तिचा स्क्रू न् स्क्रू सोडवला. जोडली, पुन्हा सोडवली. अशीच शिकली. प्रमाणपत्र नंतर मिळालं, तेही परीक्षकाशी भांडून. आज कार्नियाच्या डोंगरातल्या आठ गावांत लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या कांड्यांवर चालणारी अशी एकही शेगडी नाही, जिच्या पोटात नीवेसचा हात गेलेला नाही.

नोव्हेंबरात झीतामावशीने तिला बोलावलं. मावशी अठ्ठ्याहत्तरची, एकटी. शेगडी रोज दुपारी विझायची, काच काळी पडायची. खाली उदिने शहरात राहणाऱ्या मुलाने, मावरोने, बजावलं होतं: शनिवारपर्यंत शेगडी सुधारली नाही तर हिवाळाभर आई खाली, त्याच्याकडे. आणि हिवाळ्यापुरतं खाली नेलेलं म्हातारं माणूस परत वर येत नाही. पटत नसेल तर गावातल्या बंद खिडक्या मोजा.

नीवेस गुरुवारी आली. मावरोने रविवारी बटणं दाबून कांड्या कमी आणि पंखा जास्त करून ठेवला होता.

"तुमचा मुलगा बँकेत आहे ना? मग त्याला म्हणावं, नोटांना हात लाव," असं म्हणत तिने सगळं पूर्ववत केलं. जळणाच्या वाटीची भोकं तारेने मोकळी केली, धुराड्यातली राख काढली. शेगडीच्या दारात कागद धरून दार मिटलं आणि कागद ओढला. कागद फाटला, पण सुटला नाही. म्हणजे दाराच्या कडेची, हवा अडवणारी दोरी घट्ट होती. कांडी मोडली तर कट्कन वाजली, म्हणजे कोरडी. तरी ज्योत लाल, लोळणारीच. मग नीवेसने खिडकी उघडली. मिनिटभरात ज्योत पांढुरकी झाली, ताठ उभी राहिली.

"हिला भूक नाही, मावशी. हिचा श्वास कोंडलाय."

शेगडीला हवा मिळते ती भिंतीतल्या जाळीच्या भोकातून. दोघी बाहेर गेल्या. त्या भिंतीला बीच झाडाच्या ओंडक्यांची रास लावलेली, इतकी चोख की बोट शिरणार नाही. भिंतीला ओल लागू नये म्हणून मागे प्लास्टिक, आणि कडेने बॅटरी मारून बघितलं तर ते जाळीला ओठासारखं चिकटलेलं.

रास शेजारच्या एल्वियोची. मावशीचा नवरा गेल्यापासून सहा वर्षं तो तिच्या स्वयंपाकाच्या चुलीची लाकडं न सांगता फोडून रचत आला होता. मोबदल्यात ताटभर फ्रिको, म्हणजे चीज-बटाट्याचं खरपूस थालीपीठ, बस्स. बर्फात तिची घसरगुंडी होऊ नये म्हणून यंदा रास दाराजवळ आणली होती.

मावशीने नीवेसची बाही धरली. "त्याला काही बोलू नकोस. जाईन मी उदिनेला."

नीवेसचं टाळकं सटकलं. दोन्ही बाजूंनी माया, आणि मधे बाई गुदमरतेय. ती तडक एल्वियोला घेऊन आली. पण त्याचा चेहरा बघितला आणि ओरडायचं विसरली.

"काका, अशी रास अख्ख्या खोऱ्यात नाही. पण तिच्यामागे मावशीचं नाक आहे. ते बंद राहिलं तर एक दिवस विषारी वायू खोलीत येईल. त्याला वाससुद्धा नसतो."

एल्वियोने टोपी काढून खिशात कोंबली, ओंडके उतरवले आणि मागचं प्लास्टिक टरकावलं. अंधार पडायच्या आत रास पुन्हा उभी राहिली, मधे चौकोनी खिडकी सोडून. खिडकीला चार सडपातळ ओंडक्यांची चौकटसुद्धा बसवली पठ्ठ्याने.

शनिवारी मावरो रिकामी बॅग घेऊन आला. काच लख्ख होती आणि एल्वियो टेबलाशी फ्रिको खात बसला होता. मावरोचं बोट बटणांकडे गेलं.

"हात लावू नकोस," आई म्हणाली. "बस, जेव."

रिकामी बॅग रिकामीच परत गेली. आता बर्फ पडला की मावशी त्या चौकटीवरून हात फिरवते, आणि नीवेसचं आणि एल्वियोचं नाव घेते. आधी कुणाचं, यावरून ती दोघं भांडतात.

तुमच्याही भिंतीबाहेर कुणी मायेने काय रचून ठेवलंय, ते आजच जाऊन बघा. हलवायचं असेल, तर ज्याने रचलं त्यालाच बोलवा.