माळ्यावरचा झेंडा

सरकारी अतिथिगृहाच्या मागच्या खोलीत एक शिंपी झेंडे शिवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. कोणत्या देशाशी गट्टी आहे आणि कोण रुसलंय, हे त्याला कपाटावरून कळायचं. गट्टी असली की त्या देशाचा झेंडा खालच्या कप्प्यात, हाताशी. बिनसलं की रवानगी माळ्यावर!

शेजारच्या देशाचा झेंडा कित्येक वर्षं माळ्यावर पडून होता. आणि मास्तरची थोरली बहीण नेमकी त्याच देशात दिलेली. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही सरकारं गळ्यात गळे घालून होती हो! मग सीमेवर गोळी सुटली, रस्ता बंद, परवाने बंद. आई गेली तरी ताईला येता आलं नाही. फोनवर दिसायची, पण फोनला काय मिठी मारायची? ताईची फार आठवण आली की मास्तर गुपचूप तो झेंडा खाली काढायचा, इस्त्री करायचा, पुन्हा वर ठेवायचा. बायको म्हणायची, "खुळे कुठले!"

एक दिवस अतिथिगृहाचे साहेब धावतच आले. "मास्तर, शेजारचे मंत्री येताहेत. रस्ता उघडायची बोलणी आहेत. त्यांचा झेंडा लागेल."

"तयार आहे, साहेब!" मास्तरला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं झेंडा टेबलावर उलगडला.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, हा जुना. मधला तारा त्यांनी केव्हाच काढून टाकला!"

मास्तर मटकन स्टुलावर बसला. तिकडच्या बातम्या जिवाला घोर लावतात, म्हणून त्यानं त्या बघणंच सोडलं होतं. ताईचा देश बदलला आणि आपल्याला पत्ता नाही, हे त्याला फार लागलं. नवा झेंडा शिवताना त्याचे डोळे सारखे भरून येत होते.

बोलणी झाली त्या संध्याकाळी त्यानं फोन लावला.

"ताई, तुमचा झेंडा बदलला, मला बोलली नाहीस?"

"अरे, तुझ्याशी बोलताना मी इथली असते होय?" ताई म्हणाली. "ते जाऊ दे. रस्त्याचं काय झालं?"

"उघडतोय. पण सध्या फक्त मालाला. माणसांचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले."



"मग मला मालातच बांधून ने की रे," ताई हसून म्हणाली. मास्तरही हसला. आणि मग दोघांनाही फोन ठेववेना.