नवी कोरी फरशी

समोरच्या फ्लॅटचा ताबा परवा मिळाला आणि आज तिथं घण पडायला लागला. बिल्डरनं बसवलेली नवी कोरी फरशी फोडून पोत्यांत भरत होते. एका तुकड्यावर कंपनीचं स्टिकर अजून तसंच होतं.

"खराब निघाली का हो?" मी नव्या शेजाऱ्यांना विचारलं.

"छे! मिसेसना रंग आवडला नाही."

त्या रंगापायी कुठला तरी डोंगर पोखरला, भट्ट्या धडधडल्या, ट्रक धूर ओकत इथवर आले. आणि आवडला नाही म्हणे!

"पुढच्या महिन्यात वास्तुशांत आहे, यायचं हं."

घर बांधताना दुखावलेल्या मातीची, दगडांची, झाडांची क्षमा मागायची ती पूजा. तोवर ही पोती नदीकाठी रिकामी झालेली असतील आणि यजमान नव्यानं बसवलेल्या इटालियन मार्बलवर पाट मांडून क्षमा मागतील.