गटारातले आमदार

कमरीपेठेतल्या पिको-फॉलवाल्याच्या दुकानासमोर उघडं गटार आहे. गिऱ्हाईक निघालं की तो मशीन थांबवून ओरडतो, "अक्का, फळीवरून जपून!" मध्यंतरी एक म्हातारी त्यात पडली, तेव्हा चिडून त्यानं त्याच गटारात पोहणाऱ्या आमदारांचं मीम बनवलं आणि सगळीकडे पाठवलं.

परवा मी साडी आणायला गेले, तर स्वारी खुशीत.

"अक्का, साहेबांनी स्वतःच स्टेटसला ठेवलं! वर फोन करून म्हणाले, भारी जमलंय."

"आणि गटार?"

"ते विचारायचं राहिलंच की."

कुणी कुणाची टिंगल केली, ते मला अजून कळलेलं नाही. मी निघाले तेव्हा तो मोबाइलमध्ये साहेबांचं स्टेटसच बघत होता. निऱ्या उचलून फळी मी माझी मीच जपून ओलांडली.