भाव तोच आहे

"झिरो बघा," पंपावरचा माणूस म्हणतो, टाकीत नळी घालतो आणि पेट्रोलचा वास नाकात चढतो. मागचा स्कूटरवाला भावावरून सरकारला शिव्या घालत असतो. मी मात्र मनानं चेन्नईजवळच्या तांबरममधल्या त्या जुन्या दुपारपाशी जाऊन पोचतो.

बाबा आमच्याकडे चेन्नईला आले होते. सकाळीच पेपर वाचून खूश होते. "बघ, सरकारनं भाव वाढू दिला नाही." दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. रिक्षा पेट्रोलवाचून जागोजाग उभ्या होत्या, म्हणून त्यांना स्कूटरवर मागे बसवून निघालो. गचके खात ती पंपापाशीच बंद पडली. पंपाला आडवा दोर बांधलेला. "स्टॉक इल्लै, सार," आतून कुणीतरी ओरडलं. त्या भावात विकणं परवडत नाही म्हणून कंपन्यांनी माल पाठवणंच कमी केलं होतं.

घामानं निथळत बाबांनी वरची पाटी वाचली. "भाव तोच आहे रे," ते समाधानानं म्हणाले आणि त्यांचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. नंतर ते बोललेच नाहीत.

"सरकारनं भाव धरून ठेवायला नको का हो?" मागचा आता मलाच विचारतो.

"ठेवला होता एकदा," मी म्हणतो.