केसरबाईचं आवतन

कडा गावाच्या आसपास लगीन निघालं, की आधी सांगावा जायचा केसरबाईला, मग भटजीला. हळदीच्या जात्यावरचं आवतन म्हणावं तर तिनंच! हळद दळता दळता ती डोंगर, नद्या, देव, अन् पोथ्या रचणारे जुने कवीसुद्धा मांडवात बोलवायची. यातलं कुणी राहिलं तर ते रुसतं, अन् गाणं पुरं व्हायच्या आत जातं थांबलं तर नवरीवर संकट येतं, अशी इथल्या बायांची खात्री. खरंखोटं देव जाणे, पण लेकीबाळीच्या बाबतीत परीक्षा कोण बघतंय?

औंदा तिच्या नातीचंच लगीन निघालं, अन् म्हातारीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला हल्ली विसर पडत होता. भाजीत मीठ दोनदा पडायचं, ते जाऊ द्या. परवा शेतात निघाली अन् शाळेपाशी जाऊन उभी राहिली. घर कुठल्या अंगाला, तेच सुधरेना. घरी कुणाला बोलली नाही. बोलणार तरी काय, कपाळ!

मग उठता-बसता ती नद्या घोकायला लागली. सिंदफणा तोंडी यायची, तर मांजरा गायब.

हळदीच्या दिवशी जात्यापाशी समोर बसली तिची जाऊ, साखराबाई. "आक्का, म्हणा की! समद्या खोळंबल्यात." दोघींनी खुंटा धरला.

"पहिलं आवतन धाडा बालाघाटाच्या डोंगरा,
पाठी सिंदफणा येऊ दे, संगं येऊ दे मांजरा..."

आली गं बाई! मग बिंदुसरा आली, अंब्याची देवीआई आली, डोंगरातल्या समाधीतले कवी आले. एकही रुसलं नाही. म्हातारीच्या जिवात जीव आला.

राहिली शेवटची ओवी. तीत नवरीचं नाव घालायचं. केसरबाईनं पाटावरच्या पोरीकडं बघितलं. ही आपली नात, हिला आपणच न्हाऊमाखू घातलं, सगळं आठवत होतं. पण नाव? नाव काही येईना! नद्या घोकल्या, पण नातीचं नाव घोकायचं कुणाला सुचतं? जातं गरगर फिरत होतं. थांबायची सोय नव्हती.

"सरलं आवतन, आता हळद लागू दे गालाला,
माझ्या काळजाचा तुकडा बसला गं पाटाला!"

बायांनी पदर डोळ्यांना लावले. "काय म्हनली म्हातारी! लई गोड!"

नात तिच्या कानाशी वाकली. "आज्जे, माझं नाव कावून न्हाई घेतलं गं?"

"न्हाई घेऊ बाई. दिष्ट लागती," केसरबाई म्हणाली.

पोरगी हसून गळ्यात पडली. केसरबाईनं तिला घट्ट धरून ठेवलं, अन् कुणीतरी हिला नावानं हाक मारील म्हणून मांडवाकडं कान लावून बसली. पण त्या दिवशी जो तो तिला नवरीच म्हणत होता.