रोगाच्या रकान्यात
कार्बोलिकचा वास आला की औंधचा तो दवाखाना आठवतो. लढाईची वर्षं होती, मी तिथं कंपाउंडर होतो. एका दुपारी रजेवर आलेला शिपाई आईला घेऊन आला. ती सगळं विसरत चालली होती. तिनं त्याच्याकडं बघून पदर पुढं ओढला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा, आणि मला हळूच म्हणाली, “आवं, ह्यो बाप्या माज्या ल्येकाचा आवाज काढून बोलतोय.” नोंदवहीतल्या रोगांच्या छापील यादीत विसरण्याला नावच नव्हतं, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून मी रोगाच्या रकान्यात ‘म्हातारपण’ लिहिलं. आज पुन्हा तोच वास आला. डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लांबलचक लिहीत होत्या, आणि मला घेऊन आलेला माणूस हुबेहूब माझ्या मुलाच्या आवाजात बोलत होता.