लाल शाईचं खिंडार

आमच्या कचेरीत नकाशे काढायचं कापड यायचं. निळसर, कांजी चढवलेलं, कागदासारखं कडक. एखादा तुकडा बिघडला की आम्ही तो घरी न्यायचो. गरम पाण्यात भिजवला की कांजी सुटायची, काळी शाई जायची आणि खालून मलमलीसारखं तलम सूत निघायचं. आम्हा नकाशेवाल्यांची सगळी पोरं त्याच झबल्यांत वाढली.

एक तुकडा मात्र मी धुवायला दिला नव्हता. त्यावर नगरचा भुईकोट किल्ला होता. दर रविवारी खंदकाबाहेरून पावलं मोजत मोजत सहा वर्षांत मी तो काढला होता. कोट निजामशाहीने बांधला, मग मोगलांनी घेतला, पुढे पेशव्यांनी, शेवटी इंग्रजांनी. मोगलांच्या सुरुंगाने भिंत पडली तेव्हा आतल्या राणीने एका रात्रीत खिंडार बुजवून घेतलं, हे शाळेत सगळेच शिकतात. ती जागा मला सापडली अशी माझी खात्री होती, कारण तिथे दगडांचे थर ओळीत येत नव्हते. तेवढीच जागा मी लाल शाईने भरली होती. कुणी ऐको न ऐको, भेटेल त्याला मी हे सांगत सुटायचो.

बेचाळीसच्या ऑगस्टात देशाचे पुढारी त्याच किल्ल्यात आणून कोंडले आणि माझा छंद गुन्हा होऊन बसला. मोजमापांसकट नकाशा, तोही सरकारी नोकराच्या घरात! सापडला तर नोकरी जाणार आणि वर तुरुंग. जाळायला काडी ओढायचो, पण हात पुढे होईना. नकाशा तसबिरीमागून माळ्यावर, माळ्यावरून गादीत, गादीतून ज्वारीच्या कणगीत. जेवताना मध्येच उठून कणगीचं झाकण जागेवर आहे ना, ते बघून यायचो. दारात कुत्रं भुंकलं तरी धावत जाऊन कडी लावायचो.

एका सकाळी हवालदार आणि शिपाई आलेच. कुणी चुगली केली असेल, पण बढाई तर मीच गावभर मारली होती. पेटी उचकली, गादी उसवली, मग ते कणगीकडे वळले. बायकोच्या कडेवर आमची तीन महिन्यांची मुलगी होती.

"जरा धरा हिला, झाकनाला दोनी हात लागत्यात," म्हणत तिने मुलगी खुशाल हवालदाराच्या हातात दिली.

शिपायाने खांद्यापर्यंत हात घातला. निघाली ती ज्वारीच. त्याच्याहून जास्त मीच चक्रावलो.

"बाई, झबल्यावर डाग कसला हा?" हवालदाराने विचारलं.

"गुटी वकली काल."

ते गेले आणि मी दोन्ही हातांनी कणगी ढवळू लागलो.

"अवो, हुडकताय काय? तिच्या आंगावर हाय की," बायको म्हणाली. ती जामखेडकडची, आवाज नेहमीसारखाच शांत. "पंधरा दिस तुमाला जेवन न्हाई, झोप न्हाई. तुमच्यानं जाळवंना, म्हनून परवा म्या धुतलं आन् झबलं शिवलं."

माझी सहा वर्षं! चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिने मला वाचवलं हे कळत असूनही बोललो नाही, याची आजही लाज वाटते.

मुलगी चालायला लागली तेव्हा झबलं आखूड झालं. बायको त्याचं फडकं करायला निघाली तसं मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. काळे बुरूज सगळे धुऊन गेले होते, लाल खिंडार तेवढं फिकट गुलाबी होऊन राहिलं होतं.

"एवढं काय हाय त्यात?" तिने विचारलं.

गावभर सांगत फिरलेली ती गोष्ट, शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या बायकोला मी एकदाही सांगितली नव्हती. त्या दिवशी तिला समोर बसवलं आणि राणीपासून सुरुवात केली.